अखंड मराठी पाठ

आमच्या घरात ळ खरा यायचा तो आईला. वडिलांनाही येत असावा, पण ते मालगाडीचे गार्ड. घरी असले की झोपलेले असत, त्यामुळे त्यांचा ळ आमच्या कानावर फारसा पडला नाही. मी आणि धाकटा भाऊ झाशीच्या रेल्वे कॉलनीत जन्मलो, तिथंच वाढलो. दार ओलांडलं की हिंदी, गल्लीत बुंदेली, आणि घरात आईशी बोलताना तोंडातून जे काही निघे त्याला आम्ही मराठी समजत होतो. डोळ्यांना डोले, केळ्याला केला. आई रोज एक म्हण म्हणायला लावी: काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मी म्हणे, "काल आला होता, पण वेल आली नव्हती." भाऊ विचारी, "कौन आया था कल?" आणि आम्ही दोघं खिदळत सुटायचो.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला गेले तेव्हा आईने माझ्या जिभेचा ध्यासच घेतला. संध्याकाळी स्वयंपाकाला लागली की हुकूम सुटे, "बस इथं. मोठ्यांदा वाच." मला मनापासून संताप यायचा. मैत्रिणी चाट खायला निघालेल्या आणि मी पाटावर बसून ळ घोटतेय. आई कणीक मळता मळता ऐके, आणि ळ चुकला की तिथंच अडवी. पुस्तकं ती मराठी मंडळाच्या वाचनालयातून आणायची, त्यातलं एक पातळसं पुस्तक तिला फार आवडलं. बदली होऊन गेलेल्या एका कुटुंबाने ते वाचनालयाला देऊन टाकलं होतं. दूर सासरी राहणाऱ्या एका बाईची गोष्ट होती. तिचं लहान मूल तिच्या आईकडे वाढत होतं आणि ही परमुलखात. संपलं की आई म्हणे, "पुन्हा वाच. अजून जीभ वळत नाही." जीभ वळो न वळो, ऐकताना तिचे डोळे भरून यायचे. मला वाटे, कांदा चिरलाय.

त्या पुस्तकात एका ठिकाणी छापलं होतं, 'पाऊस सरला, वाट उघडी झाली, पण मूळ आलं नाही.' मूळ म्हणजे झाडाचं, एवढं मला ठाऊक होतं. झाडाचं मूळ कशाला येईल कुणाकडे? छापणाऱ्याची चूक असणार, असं मी ठरवून टाकलं आणि 'पण मूल आलं नाही' असं वाचलं. गोष्टीत मूल होतंच, त्यामुळे वाक्य चपखल बसलं. एव्हाना माझा ळ बराच सुधारला होता, म्हणून आईलाही शंका आली नसावी. उलट त्या वाक्यापाशी ती दर वेळी मळणं थांबवायची.

वाचनालय हे मोठं नाव झालं. लक्ष्मी गेटच्या आत आमच्या मराठी मंडळाचा हॉल होता आणि त्याला लागून एक खोली, तीत दोन कपाटं पुस्तकं. मंडळात दोन जातीचे मराठी लोक. एक, ज्यांचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले; त्यांना आम्ही किल्लेवाले म्हणायचो. दुसरे आम्ही, नोकरीपायी आलेले. आम्हाला ते रेलवाले म्हणत. खोलीची किल्ली माझ्या आईकडे होती. नवी नवरी होऊन ती झाशीला आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता. दूधवाल्यालाही ती खुणांनी सांगायची. पहिल्या वर्षी मामा तिला माहेरी न्यायला आला होता. पुढे अंतर फार, त्याचा संसार वाढलेला, कोणी आलं नाही. दर गुरुवारी टांग्याने त्या खोलीत जायचं आणि चार बायकांशी पोटभर मराठी बोलायचं, हेच तिचं माहेर झालं. पुस्तकांना ती जुन्या कापडांची कव्हरं शिवायची: एकाला खणाचं, एकाला चिटाचं, एकाला विरलेल्या चंदेरीचं. कपाटात हात घालून ती नुसत्या बोटांनी हवं ते पुस्तक काढून देई. मला ते कौतुकाचं वाटे.

त्या वर्षी मंडळाच्या सभेत निघालं की ही खोली भांड्यांसाठी लागणार. हॉल लग्नकार्यांना जायला लागला होता. पातेली, कढया, पंगतीची ताटं ठेवायला जागा नव्हती. मंडळाचे सेक्रेटरी रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, पुण्याकडचे, आणि मराठी शुद्धच बोललं पाहिजे या हट्टासाठी प्रसिद्ध. ते म्हणाले, "पुस्तकं वाचणारं कोणी उरलेलं नाही. आपली मुलं काय बोलतात ते ऐकतो आहोत ना आपण?" आणि त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं. मला असं वाटलं, यांच्या डोक्यावर एक पातेलं पालथं घालावं.

आई सभेत कधी बोलायची नाही. त्या दिवशी उभी राहिली. "वाचतात," एवढंच म्हणाली.

अध्यक्ष किल्लेवाल्यांपैकी होते, म्हातारे, सगळे त्यांना दाऊ म्हणत. माणूस दिलदार, पण बोलता बोलता अर्धा हिंदीत जायचा. शेजारच्या गल्लीत कुणाकडे तरी लाउडस्पीकर लावून अखंड पाठ चालू होता, त्याचा आवाज हॉलमध्ये येत होता. दाऊंनी तिकडे बोट केलं. "ऐकताय ना बाई? हे लोक दिवसरात्र पाठ करतात, मजाल आहे एक अक्षर तुटेल? आपले लोक करतील?"

"करतील."

"आणि आवाज तुटला तर?"

"तर किल्ली तुमची," आई म्हणाली.

सभा संपल्यावर आम्ही निघालो. टांग्यात तिला म्हटलं, "आई, तू पागल झालीस का? कोण वाचणार?" ती म्हणाली, "तू वाचशील. बाकीचे मिळतील." किल्ली तिने मुठीत घट्ट धरलेली होती.

नियम दाऊंनी इथल्या पाठासारखेच ठेवले. वर्कशॉपच्या सकाळच्या भोंग्याला सुरू करायचं ते दुसऱ्या सकाळच्या भोंग्यापर्यंत. एकाने थांबायच्या आधी दुसऱ्याने शेजारी बसायचं, पानावरची ओळ शोधायची, त्याच ओळीत आवाज मिसळायचा, मग पहिल्याने उठायचं. मधे श्वासाएवढीही फट नको. हॉलच्या दाराशी दाऊंनी स्वतःच्या हाताने फळा लिहिला: अखंड मराठी पाठ. सेक्रेटरींनी सकाळीसकाळी त्याला हरकत घेतली. "दाऊ, हे हिंदी झालं. 'अखंड वाचन' लिहा. मराठीत पाठ म्हणजे तोंडपाठ, नाहीतर ही," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पाठीवर हात मारला. दाऊ म्हणाले, "अब लिख दिया सो लिख दिया." तेवढ्यात भोंगा झाला आणि पहिल्या बाईंनी वाचायला घेतलं.

आईने वाचणाऱ्यांत स्वतःचं नाव घातलं नव्हतं. "मी व्यवस्था बघते. कुणीतरी बघायला नको?" असं म्हणून ती पाणी, लवंगा, खडीसाखर यांत गुंतली होती. मला ते मुळीच आवडलं नाही. पैज हिने लावायची आणि घसे आम्ही खरवडायचे.

सकाळ बरी गेली. दुपारी भाऊ वाचायला बसला आणि त्याने एका गंभीर प्रसंगात 'गाळात पाय रुतला' याचं 'गालात पाय रुतला' केलं. बायकांमध्ये हशा पिकला, त्याला स्वतःलाही हसू फुटलं, आणि आवाज डळमळला. मी झडप घालून शेजारी बसले आणि त्याच ओळीवर इतक्या जोरात ओरडले की दाऊ दचकले. आवाज तुटल्याची वेळ टिपायला सेक्रेटरी हातात पेन्सिल घेऊन तयारच होते. नाइलाजाने ती त्यांनी कानामागे ठेवली.

संध्याकाळी गल्लीतून वरात निघाली. बँड नेमका हॉलच्या दारात येऊन थांबला, पाहुण्यांना तिथंच नाचायची हुक्की आली. आत एक आजोबा वाचत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. सेक्रेटरी उठले आणि आजोबांच्या तोंडाशी कान नेऊन वाकून उभे राहिले. वरात पुढे सरकेपर्यंत ते तसेच होते. आई खांबाला धरून उभी होती. वरात गेल्यावर सेक्रेटरींनी सरळ होत मान हलवली. आवाज होता.

रात्र चढली तशी माणसं गळायला लागली. कुणाचं मूल तापलं म्हणून निरोप आला, कुणाचा घसाच बसला. भाऊ सतरंजीवर आडवा झाला तो उठेना. मी वाचत होते, ती माझी दुसरी खेप होती, आणि माझ्यानंतर येणाऱ्या बाईंचा पत्ता नव्हता. माझा आवाज चिरकायला लागला. एका शब्दाला तो फुटला, पुढचा नुसत्या हवेने निघाला. मी मान वर करून सगळीकडे पाहिलं. वाचायला घेणारं कोणी नव्हतं. दाऊ लोडाला टेकून डुलकी घेत होते आणि सेक्रेटरी टक्क जागे होते.

तेव्हा आई आली. येताना तिने कपाटातून खणाच्या कव्हरचं ते पातळ पुस्तक आणलं होतं. माझं पुस्तक संपायला आलंच होतं. नियमाप्रमाणे माझ्या ओळीत तिने आवाज मिसळायला हवा होता. मी ओळीवर बोट ठेवलं, पण ती नुसतीच माझ्यामागून, माझ्या आवाजाच्या किंचित मागे, शब्द म्हणत गेली. शेवटचा शब्द आम्ही मिळून म्हटला आणि तिने लगेच आपलं पुस्तक सुरू केलं. मला वाटलं, दमली असेल.

मी शेजारीच बसून राहिले. लवंग चघळून घसा मोकळा झाला की पुन्हा तिच्याकडून घ्यायचं, म्हणून तिची ओळ शोधायला वाकले. ओळ सापडेना. आई म्हणत होती ते त्या पानावर नव्हतंच. मी पुढचं पान उलटलं, तेव्हा सापडलं. मी पान उलटलेलं तिने बघितलंही नाही. तिचं बोट ओळींखालून छान सरकत होतं, फक्त भलत्याच ओळींखालून. मग ती म्हणाली, "पाऊस सरला, वाट उघडी झाली, पण मूल आलं नाही."

पानावर मूळ होतं. त्या पुस्तकात मूल वाचणारी जगात मी एकटी होते.

म्हणजे हे पान तिने कधी पाहिलंच नव्हतं. आधी मला राग आला, मग भीती वाटली, आणि मग वर्षभराच्या सगळ्या संध्याकाळी माझ्यासमोर पालटून गेल्या. जीभ वळायला हवी म्हणून ती मला वाचायला बसवत नव्हती. तिला वाचता येत नव्हतं. बोटांनी ओळखायची पुस्तकं, खण, चीट, चंदेरी. तिच्या डोळ्यांत काय झालं होतं, कधीपासून, हे तिने घरात कुणालाही कळू दिलं नव्हतं, कारण ज्या खोलीत कोणी वाचत नाही असं सगळे म्हणत होते, तिथली किल्लीवालीच वाचत नाही म्हटल्यावर सगळं तिथंच संपलं असतं. मला रडू येत होतं आणि रडायची सोय नव्हती. सेक्रेटरी समोर बसले होते. मी तिच्या आवाजाबरोबर पानं उलटायला लागले, जणू तीच उलटतेय अशी, माझा हात तिच्या पदराआडून नेत.

काही पानं तशी निभली. मग सगळ्या मोहल्ल्याची बत्ती गेली.

हॉल काळाकुट्ट झाला. कोपऱ्यात लवंडलेल्यांपैकी कुणीतरी "अरे, अरे" केलं, आणि मग सगळे एकदम गप्प झाले, कारण आवाज थांबला नव्हता. आई म्हणतच होती. त्याच चालीत, त्याच संथपणे, एक शब्द न अडखळता. वाकून मी तिच्या कानात काही सांगणार, तोच सेक्रेटरींचा टॉर्च लागला. त्यांनी उजेड पुस्तकावर टाकला, मग आईच्या तोंडावर. तिच्या पापण्या लवल्यासुद्धा नाहीत. बुबुळांवर दुधासारखी साय होती. इतक्या जवळून, इतक्या उजेडात, मी तरी कधी तिच्या डोळ्यांत पाहिलं होतं?

"थांबवा," सेक्रेटरी म्हणाले. "बाईंना दिसत नाही. दाऊ, उठा. हे वाचन नव्हे."

आईला सगळं ऐकू गेलं होतं. पण तिला उत्तर देता येत नव्हतं; उत्तर द्यायला थांबली असती तर आवाज तुटला असता. ती म्हणत राहिली. बोलायचं तर मलाच होतं, फुटक्या गळ्याने, आणि तेही त्या माणसासमोर मराठीत.

"वाचन कुणी म्हटलं?" मी म्हणाले. "फळ्यावर काय लिहिलंय? पाठ. मराठीत पाठ म्हणजे काय ते सकाळी तुम्हीच सांगितलं. तोंडपाठ, नाहीतर ही." आणि मी माझ्या पाठीवर हात मारला. "तिला पाठ आहे. सगळं पाठ आहे. आता उगाच वेळ घालवू नका."

टॉर्च फळ्याकडे वळला. दाऊंचं मोठं अक्षर उजेडात दिसलं. दाऊ पूर्ण जागे झाले होते, ते हळूच म्हणाले, "फँस गए, सेक्रेटरी साहब. हिंदीत बघाल तर बाई हरल्या, तुमच्या मराठीत बघाल तर जिंकल्या. सांगा, काय धरायचं?"

सेक्रेटरींनी टॉर्च फळ्यावरून काढला. मग म्हणाले, "मराठी," आणि खाली बसले.

पण संकट टळलं नव्हतं. पुस्तक पातळ. शेवट जवळ येत चालला, बत्ती येईना, माझा आवाज परतेना, आणि भोंग्याला अजून अवकाश होता. शेवटचं वाक्य आलं. आईने ते म्हटलं, आणि श्वाससुद्धा न घेता पहिलं वाक्य पुन्हा सुरू केलं. कुणी हरकत घेतली नाही. पण आता तिचा गळाही कोरडा पडला होता. शब्द खरखरीत निघत होते, एखादा नुसताच ओठांवर यायचा. मी तिच्या तोंडाला पाणी लावू शकत नव्हते. ती खोली तिच्या गळ्यातून थेंबथेंब निसटताना मी बघत होते, आणि मला काही करता येत नव्हतं.

माझ्या पलीकडे कुणीतरी येऊन बसलं. सेक्रेटरी होते. त्यांनी टॉर्च पुस्तकावर धरला, भराभरा पानं चाळून तिची ओळ शोधली, घसा खाकरला आणि आईच्या आवाजात आवाज मिसळला. स्वच्छ, ठणठणीत आवाज. एक ओळ दोघांनी मिळून म्हटली. मग आईने खांदे सोडले आणि मागे टेकली. मी तिच्या हातात पेला दिला.

बाहेर थोडं दिसायला लागलं होतं. सेक्रेटरी वाचत होते, छापलेलं अक्षर न् अक्षर. "पाऊस सरला," ते वाचत होते, "वाट उघडी झाली, पण मूळ आलं नाही."

आईचा पेला ओठाशी थांबला. तिने मान माझ्याकडे वळवली, नक्की कुठे बघावं हे न कळून, माझ्या कानाकडे.

थोड्या वेळाने भोंगा झाला. सेक्रेटरींनी वाक्य पूर्ण केलं, पुस्तक मिटलं आणि कपाळाला लावून आईच्या मांडीवर ठेवलं. दाऊ म्हणाले, "भांडी माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे जागाच जागा आहे." भोंग्याला परतलेल्या बायका आईला मिठ्या मारत होत्या, भाऊ डोळे चोळत विचारत होता, काय झालं. गर्दी पांगल्यावर आम्ही दोघीच खोलीत गेलो. तिने बोटांनी चाचपून कुलूप काढलं.

"मूळ होतं तिथं?" तिने विचारलं.

"हो. मला वाटलं छापणाऱ्याची चूक. मूळ म्हणजे काय, आई?"

"लेकीला माहेरी न्यायला माणूस येतं ना. ते मूळ." ती स्टुलावर बसली. खणाचं कव्हर ती अंगठ्याने चोळत होती. "मी वर्षभर त्या पोरासाठी रडत होते. पोर तर आजीपाशी सुखात होतं. न्यायला कोणी आलं नाही ते तिलाच."

ती आता खरीच रडत होती, आणि ते मला स्पष्ट दिसत होतं. मी तिच्या पायाशी बसले. जरा वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि पुस्तक माझ्यापुढे धरलं.

"वाच," ती म्हणाली. "पहिल्यापासून. आणि या खेपेला जे छापलंय ते वाच."